गुलाबी झाक

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात तिला सगळे नमुनेवाली म्हणत. काम तसंच होतं. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा पाठवायचं, तो नमुना. मग मशीनमधून निघालेल्या कापडाची पट्टी कापायची, धुवायची, वाळवायची, इस्त्री करायची आणि नमुन्याशेजारी ठेवून बघायचं, रंग जुळतोय की नाही. बघायला एक लोखंडी पेटी होती. समोरून उघडी, आतून राखाडी, वर तीन तऱ्हेचे दिवे. एका बटणावर दुपारचा उजेड, दुसऱ्यावर दुकानातला, तिसऱ्यावर घरातला पिवळा. तिन्हींत जुळला तर जुळला.

तिची नजर पक्की होती. आई शिवणकाम करायची, आणि दोऱ्याचं रीळ आणायला हिलाच पाठवायची. कापडाचा कपटाही बरोबर द्यायची नाही. हिने आणलेलं रीळ कधी बदलून आणावं लागलं नाही.

पण बघायचं तिने आणि ठरवायचं मास्तरांनी, अशी कारखान्याची रीत होती.

मास्तर म्हणजे रंगखात्याचे प्रमुख. एकतीस वर्षांपूर्वी गोदामात पोती उचलायला लागले आणि एकेक पायरी चढत इथवर आले. कोणत्या रंगाला किती मीठ, किती आच, किती वेळ, सगळं तोंडपाठ. वाफेच्या आवाजावरून मशीन किती तापलंय ते सांगायचे, आणि काटा तपासला तर तेवढंच निघायचं. माणूस वाईट नव्हता. कुणाला टाकून बोलायचे नाहीत. फक्त हिचं वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत.

“मास्तर, यात जरा...”

“बघितलं मी. पास.”

आणि चिठ्ठीवर सही.

तिच्या आधी त्या पेटीपुढे पेटीकाका बसायचे. वीस-बावीस वर्षं बसले, मागच्या वर्षी निवृत्त होऊन मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. त्यांचं स्टूल हिला मिळालं. काका होते तोवर रंगखात्याचा माल परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ते गेल्यावर आठ महिन्यांत तीन वेळा आला.

घरी तिचे सासरे ठार बहिरे. सकाळी उठल्यापासून चहा झाला का, चष्मा कुठे आहे, हे सगळं वरच्या पट्टीत. शेजारपाजारच्यांनाही तिच्या सासऱ्यांचा चष्मा कुठे असतो ते पाठ झालेलं. कारखान्यात मात्र सगळ्यांचे कान धडधाकट आणि हिचा आवाज कुणापर्यंत पोचत नाही. “घरी मामंजींना ऐकू येत नाही तरी माझं ऐकतात,” ती नवऱ्याला म्हणायची, “आणि तिथे सगळ्यांना ऐकू येतं.”

तिसऱ्यांदा परत आला तो माल दवाखान्याच्या पडद्यांचा होता. साठ ठाण, म्हणजे साठ तागे. रंग मागितला होता हिरवट राखाडी, डोळ्यांना शांत वाटेल असा. गेला तो राखाडीच, पण त्याला गुलाबी झाक. तिने पट्टी पेटीत ठेवताक्षणी ओळखलं होतं, सांगायलाही गेली होती. “बघितलं मी. पास.”

मॅनेजरच्या खोलीत बैठक बसली. मॅनेजर, मास्तर, माल विकण्याचं खातं सांभाळणारा विक्रीवाला, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर ही.

“डॉक्टर म्हणतात, या पडद्यांपाशी प्रत्येक रुग्णाला ताप आल्यासारखा दिसतो,” विक्रीवाला म्हणाला. “मी काय उत्तर देऊ त्यांना?”

“मी सांगितलं होतं की त्यात...” तिने तोंड उघडलं.

“पाण्याचाच दोष असणार,” विक्रीवाला तिच्यावरून पुढे बोलत गेला. “मागच्या वेळीही मला तीच शंका होती.”

“पाणी तपासून घ्या,” मॅनेजर म्हणाले. मास्तर टेबलाकडे बघत होते.

पाण्याला काही आपली बाजू मांडता येत नव्हती, त्यामुळे दोष पाण्यावर बसला. बाटल्या भरून तपासणीला गेल्या. आठवड्याने कागद आला, पाणी स्वच्छ आहे. तोवर बैठक सगळे विसरले होते. ती विसरली नव्हती. कानशिलं तापली होती तिची त्या दिवशी, आणि ती तशीच तापलेली घेऊन ती घडीखात्यात गेली होती.

घडीखात्यात तयार कापडाच्या घड्या घालतात. तिथली मावशी कारखान्यातली सगळ्यांत जुनी बाई. हात चालू ठेवूनच बोलायची.

“तू सांगतेस कुठे उभी राहून?” मावशीने विचारलं.

“कुठे म्हणजे? मास्तरांच्या दारात. एका हातात पट्टी, एका हातात चिठ्ठी.”

“मग बरोबर आहे. दारात उभं राहून सांगितलेलं दारातच राहतं. आत जायचं, खुर्ची ओढायची, बसायचं. बसलेल्या माणसाला घालवायला वेळ लागतो. तेवढ्यात बोलून होतं.”

“आणि ऐकलंच नाही तर?”

“तर निदान तुझे पाय तरी दुखणार नाहीत.”

ती हसली. पण खुर्ची ओढण्याइतकं बळ अजून आलं नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारी एक छोटीशी गोष्ट घडली. खात्यात दोन मोठ्या वह्या होत्या, एक हिरव्या पुठ्ठ्याची, एक तपकिरी. हिरवीत सुती कापडाच्या रंगांची मापं, तपकिरीत मिश्र धाग्याच्या. मास्तरांनी सुती वही मागितली आणि हिने गडबडीत तपकिरी नेऊन ठेवली. चूक तिच्या लगेच ध्यानात आली. ती वही बदलायला हात पुढे करणार, एवढ्यात मास्तरांनी ती उघडली. चार पानं उलटली, कपाळाला आठी घातली, आणखी दोन पानं उलटली. मग वही मिटून पुठ्ठ्याचा कोपरा नखाने चाचपला. हिरव्या वहीचा तो कोपरा फाटलेला होता, याचा शाबूत होता.

“दुसरी आण,” एवढंच म्हणाले.

ती स्टुलावर येऊन बसली आणि एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढे यायला लागली. आठ महिन्यांत मास्तरांनी कधी रंगाचं नाव घेतलेलं तिने ऐकलं नव्हतं. ‘तो डावीकडचा’ म्हणायचे, ‘तो गडद’, ‘बेचाळीस नंबर’. त्यांच्या फळीवरच्या दोऱ्यांच्या प्रत्येक रिळाला नंबराची चिठ्ठी डकवलेली, आणि साफसफाईत दोन चिठ्ठ्या गळून पडल्या तेव्हा ते केवढे बेचैन झाले होते. परत आलेले तीनही माल आठवले. एकात हिरवं हवं तिथे तपकिरी आलं होतं, एकात उलटं, आणि हे पडदे. निळ्यात, पिवळ्यात, काळ्यात कधी चूक नाही. तांबडं आणि हिरवं जिथे शेजारी येत होतं, तिथेच सगळं घोटाळत होतं.

तिच्या हातातली पट्टी तशीच राहिली. राग होता आठ महिन्यांचा, तो कुठे ठेवावा ते तिला कळेना.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा बस डेपोत होता, गाड्यांचे ब्रेक तपासायच्या कामावर.

“मॅनेजरकडे गेले तर माणूस संपेल,” ती म्हणाली. “एकतीस वर्षं काढलीत त्याने. नाही गेले तर उद्या-परवा पडदे पुन्हा रंगायला लागतील. पुन्हा तेच होईल. आणि या खेपेला पाणी सुटलंय, मग मीच उरते.”

नवऱ्याने थोडा विचार केला. “ब्रेक लागत नसेल तर मी ड्रायव्हरला चारचौघांत सांगत नाही. बाजूला घेऊन सांगतो.”

“आणि त्याने नाहीच ऐकलं तर?”

“गाडी सोडत नाही. सही माझी असते.”

“माझी सही कुठे असते?” ती म्हणाली. खोटं उत्तर द्यायचा नवऱ्याचा स्वभाव नव्हता.

गुरुवारी सकाळी पडद्यांचं कापड पुन्हा मशीनवर चढलं. साडेदहाला पहिली पट्टी तिच्या हातात आली. पेटीत ठेवली. पहिलं बटण, दुसरं, तिसरं. तिन्ही उजेडांत गुलाबी झाक, आधीपेक्षा थोडी कमी, पण होतीच. मशीनवाला दारातून डोकावून म्हणाला, “काय करू? पुढचे ठाण सोडू का?”

“दहा मिनिटं थांब,” ती म्हणाली. तिला थांब म्हणायचा अधिकार नव्हता. मशीनवाला थांबला, कारण त्याला विडी ओढायची होती.

मास्तरांची केबिन म्हणजे काचेची भिंत असलेली लहानशी खोली. ती आत गेली, दार लोटलं आणि खुर्ची ओढून बसली. खुर्चीचा पाय फरशीवर करकरला. मास्तरांनी वर पाहिलं.

“काय गं?”

“पडद्यांची पट्टी आहे. गुलाबी झाक आहे.”

“बघू. इकडे दे.” त्यांनी पट्टी नमुन्याशेजारी धरली, मान तिरपी केली. “ठीक आहे. पास.”

“नाही, मास्तर. ठीक नाही.”

“तू मला रंग शिकवणार का आता?”

“माझं वाक्य पुरं होऊ द्या,” ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, पण निघाला. “मग तुम्ही काय म्हणाल ते ऐकते. काका होते तोवर या खात्यातून काही परत आलं नाही. ते गेल्यावर तीनदा आलं. तिन्ही वेळा मी आधी सांगायला आले होते. तिन्ही वेळा तांबड्या-हिरव्याचाच प्रश्न होता. मी तुम्हाला कुठलाही रंग ओळखून दाखवा म्हणणार नाही. ते विचारायचा मला हक्क नाही आणि मला विचारायचंही नाही. मला दिसतं ते सांगते. ही पट्टी गुलाबी आहे. थोडा हिरवा सोडला तर सुधारेल. सुधारल्याशिवाय पुढचे ठाण सोडू नयेत.”

बोलून झालं. काचेपलीकडे मशीन थांबलेलं होतं.

मास्तरांनी पट्टी टेबलावर ठेवली, तिच्यावरून हात फिरवून तिची सुरकुती काढली.

“कुणाकुणाला सांगितलंस?”

“घरी नवऱ्याला. दुसऱ्या कुणाला नाही.”

“तो बोलका आहे?”

“तो दिवसभर बसच्या खाली असतो. कुणाशी बोलणार?”

मास्तरांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. त्यांनी फोन उचलला. “पडद्यांचं मशीन थांबलेलंच ठेव. हो, मीच सांगतोय. वाट बघ.” फोन ठेवला आणि खुर्चीत मागे टेकले, खूप चालून आलेला माणूस टेकतो तसे.

“काकांनी पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं,” ते म्हणाले. “तोंडातून एक शब्द काढला नाही. पट्टी हातात देताना अंगठा असा मधोमध ठेवायचे, म्हणजे पास. कडेला ठेवला की नापास. बावीस वर्षं आम्ही त्यावर काढली. बायकोलासुद्धा माहीत नाही. तिला वाटतं मला बाजारहाटाचा कंटाळा आहे.”

“मग माझं का ऐकलं नाहीत? मी तर सरळ तोंडानेच सांगत होते.”

“म्हणूनच,” मास्तर म्हणाले. “तू ‘यात जरा’ म्हणालीस की मी घाबरायचो. वाटायचं, हिला कळलंय, आता हे वाक्य पुरं झालं की संपलं. म्हणून पुरं होऊ द्यायचो नाही. चूक केली मी.”

तिला वाटलं होतं, असं काही ऐकलं की बरं वाटेल. वाटलंही थोडं. पण त्याआधी डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते तिने आवरलं.

मग मास्तर पुढे झुकले. “आता तुला कळलंच आहे, तर सोपं आहे. तूही अंगठ्याचं बघ. मधोमध म्हणजे पास, कडेला म्हणजे नापास. मी तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही. तुझं ऐकेन, अगदी प्रत्येक वेळी.”

तिला क्षणभर मोह झाला. भांडण नाही, बैठक नाही, रोजचं काम बिनबोभाट. माणसाची अब्रूही राहते.

“नाही, मास्तर.”

“का?”

“काकांच्या अंगठ्याला बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात काय म्हणालात? वक्तशीर होते. मलाही तेवढंच ऐकायचंय का शेवटी? माझं मत माझ्या तोंडून आणि माझ्या सहीने जायला हवं. बरोबर असलं तरी आणि चुकलं तरी.”

“म्हणजे मी सगळ्यांना सांगायचं.”

“तुमचं तुम्ही काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी तुमच्याबद्दल कुणापाशी बोलणार नाही. पण उद्या बैठकीत विचारतील मशीन का थांबलं, तेव्हा मी म्हणणार की मी थांबवायला लावलं.”

“जा तू आता,” मास्तर म्हणाले. रागाने नव्हे, पण काचेकडे तोंड फिरवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक. मशीन जवळजवळ दिवसभर उभं होतं, त्यामुळे मॅनेजरचा चेहरा आधीच लांबलेला. विक्रीवाला दारातूनच बोलत आला. “दवाखान्याला मी शब्द दिलाय. आता कसला उशीर?” मास्तर शेवटी आले आणि कुणाकडे न बघता बसले. ती या खेपेला कोपऱ्यात गेली नाही. टेबलाशी बसली.

“मशीन कुणी थांबवलं?” मॅनेजरनी विचारलं.

“मी थांबवायला लावलं,” ती म्हणाली. “पट्टीत पुन्हा गुलाबी झाक होती. मागच्या वेळीही होती. तेव्हाच मी...”

“एक मिनिट, मॅडम,” विक्रीवाला म्हणाला. “मास्तर काय म्हणतात ते आधी ऐकू. पाण्याचा अहवाल...”

“माझं अजून झालेलं नाही,” ती म्हणाली.

काल एकदा म्हणून झालं होतं, म्हणून आज जड गेलं नाही. विक्रीवाल्याने तोंड मिटलं. त्याचं त्यालाच नवल वाटल्यासारखं दिसलं.

“तेव्हाच मी सांगितलं होतं. मालात हिरवा थोडा वाढवून मी काल एक पट्टी करून घेतली आहे. ही बघा. ही नमुन्याशी तिन्ही उजेडांत जुळते. याच मापाने कापड सोडलं तर परवा संध्याकाळी माल तयार होईल.”

तिने दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. मॅनेजरनी ते खिडकीशी नेले. विक्रीवालाही गेला. दोघांनी मान हलवली. मग दोघंही मास्तरांकडे वळले, सवयीने.

मास्तर उठले नाहीत. “मला नका विचारू,” ते म्हणाले. “मला त्या दोन्हींत फरक दिसत नाही. कालच्याही पट्टीत दिसला नव्हता. तांबडा आणि हिरवा मला वेगळे कळत नाहीत, जन्मापासून. रंग कसा चढवायचा ते मला येतं, जुळला की नाही ते मला दिसत नाही. बावीस वर्षं काका बघायचे. तिने तीनदा सांगितलं, मी तीनदा गप्प केलं. पाण्याची काही चूक नव्हती.”

मॅनेजर सावकाश खुर्चीवर बसले. तिला वाटलं, आता वीज पडणार.

“एवढंच होतं?” मॅनेजर म्हणाले. “अहो मास्तर, मी गेले दोन महिने अख्खं मशीन बदलायचा अर्ज लिहितोय. झोप नाही मला. वरचे लोक म्हणत होते, आधी कारण सांगा. मी कारण कुठून आणू?” त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. चेहरा रागावलेला नव्हता, सुटलेला होता. “आधी का नाही सांगितलंत?”

“आधी सांगितलं असतं तर मला या खात्यात घेतलं असतं का?”

“नसतं घेतलं,” मॅनेजरनी कबूल केलं. “आणि मग मीठ-पाण्याचं गणित कुणाला जमलं असतं, देव जाणे.”

तिथल्या तिथे ठरलं. कापड कसं रंगवायचं ते मास्तर सांगतील, रंग जुळला की नाही ते नमुनेवाली. पासच्या चिठ्ठीवर सही तिची. ती नाही म्हणाली तर मशीन थांबेल, समोर कुणीही असो. मॅनेजरनी ते कागदावर लिहून खाली सही केली आणि एक प्रत तिच्या हातात दिली. विक्रीवाल्याने दवाखान्याला लावायला फोन उचलला, मग तो परत ठेवून तिच्याकडे वळला. “परवा संध्याकाळी म्हणालात ना? तसं सांगतो त्यांना.”

“परवा संध्याकाळी,” ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ती जिन्याच्या कठड्याशी उभी राहिली. मागून मास्तर आले, शेजारी उभे राहिले. दोघंही खालच्या आवारातल्या हातगाड्या बघत होती.

“पाय हलके झालेत माझे,” मास्तर म्हणाले. “बोचकं उतरवलं की होतात तसे.”

“घरी सांगणार का?”

“आज सांगतो. बाजारात जावं लागेल आता, एवढंच नुकसान.”

पडदे गेले. दवाखान्याकडून काही निरोप आला नाही. निरोप नाही म्हणजे माल पसंत, हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं.

सगळं एका दिवसात सरळ झालं असं नाही. मशीनवाले कितीतरी दिवस चिठ्ठी घेऊन आधी मास्तरांच्याच केबिनकडे जायचे, आणि मास्तर आतूनच हाताने पेटीकडे बोट करायचे. विक्रीवाला अजून लोकांच्या बोलण्यात शिरायचा, फक्त तिच्या बोलण्यात शिरताना अडखळायचा. आणि दुसऱ्याच महिन्यात तिचीही एक चूक झाली. टेबलक्लॉथचं कापड तिने घाईत दोनच उजेडांत बघून सोडलं, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली ते भलतंच मळकट दिसायला लागलं. बैठकीत मॅनेजरनी विचारलं, “हे कुणी पास केलं?”

“मी,” ती म्हणाली. “तिसरं बटण दाबलं नाही. पुन्हा तसं होणार नाही.”

मॅनेजरनी वहीत टिपून घेतलं आणि पुढच्या विषयाकडे वळले. एवढंच. ती थक्क झाली. आठ महिने बरोबर असूनही तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा, आणि आज चूक कबूल करून ती जेवणाच्या सुट्टीत पोटभर जेवली.

त्याच दुपारी घडीखात्यात दोन नव्या मुली मावशीच्या टेबलापाशी तिची वाट बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, “ताई, आमच्याकडे घड्या घालायच्या दोन मशीनमध्ये बोट अडकेल अशी फट आहे. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणतो, बघू. तुम्ही सांगाल का?”

“मी नाही,” ती म्हणाली. “फट तुम्ही बघितलीत, तुम्हीच सांगा. मी शेजारी बसते.”

“बसायचं?” दुसरीने विचारलं.

मावशी घडी घालता घालता म्हणाली, “चला, मीही येते. चार खुर्च्या लागतील.”